मैदानाबाहेरचा खेळाडू



जानेवारी महिना लागला की आपल्याकडे गावोगावच्या शाळांच्या मैदानांवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा उमटू लागतात. सव्वीस जानेवारीच्या आगेमागे स्नेहसंमेलन, आणि स्नेहसंमेलनाच्या आधी खेळांचे सामने, हा क्रम आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. अलीकडे त्यात आणखी एका दिवसाची भर पडली. 15 जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. तो कोणाचा जन्मदिवस आहे हे शिक्षक मंडळींना ठाऊक असेलच. त्यांच्याविषयी मला पुढे बरेच बोलायचे आहे.

शंभर मीटरची शर्यत लागते. शिट्टी होते, पोरं सुटतात, कडेला उभी असलेली मंडळी ओरडतात आणि चौदा-पंधरा सेकंदांत सारा कारभार आटोपतो. पहिल्या आलेल्या मुलाच्या पाठीवर थाप पडते. कोणी म्हणतं, "पोट्टं मोठं चपळ आहे, बाप्पा!" दुसरा म्हणतो, "त्याचा बापही असाच पळे." झालं. त्या मुलाविषयी गावाचं मत कायमचं ठरून जातं. मागे राहिलेल्यांविषयीही ठरतं, आणि तेही कायमचंच.

आपण पाहिले ते पंधरा सेकंद. त्या दिवसातले उरलेले सगळे तास आपण पाहिलेले नसतात. तो मुलगा रात्री किती वाजता झोपला, काय जेवला, गेल्या महिन्यात हरला तेव्हा दुसऱ्या दिवशी मैदानावर आला की नाही, चुकलेली गोष्ट त्याने कोणाला विचारली की नाही, यातले काहीच त्या चुन्याच्या रेघेवर उमटत नाही. परंतु मोठ्या खेळाडूंची चरित्रे थोडी निरखून पाहिली, तर निकाल बहुधा याच न दिसणाऱ्या तासांत लागलेला आढळतो. मी काही क्रीडाशास्त्राचा जाणकार नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवतो. परंतु गेली पंधरा वर्षे आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडा समितीवर असल्यामुळे पहाटेच्या मैदानाशी संबंध आला, आणि माणसे निवडण्यात चुकाही झाल्या. त्यांपैकी एक चूक मी आज सांगणार आहे. पण आधी खाशाबा.

कराडजवळच्या गोळेश्वर या गावी 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील पैलवान, त्यामुळे तालमीची माती मुलाच्या अंगाला फार लवकर लागली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असताना 1948 साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी त्यांची निवड झाली. आता आपली कुस्ती कशी असते ते खेड्यातल्या श्रोत्यांना मी काय सांगावे? हौद्यातली चाळलेली तांबडी माती, तीत मुरवलेलं तेल आणि ताक, पायाला माती धरून ठेवते, हाताला माती लावली की पकड बसते, आणि पाठ टेकली, अस्मान दिसलं की निकाल. लंडनला पाहावं तो समोर गादी! पाय रोवायला माती नाही, हाताला लावायला माती नाही, घड्याळाचा काटा डोक्यावर उभा, आणि गुणांचा सारा हिशेब वेगळा. सामन्यांपूर्वी रीस गार्डनर नावाच्या एका अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना गादीवरचे बारकावे दाखवले. तेवढ्या शिदोरीवर हा बावीस वर्षांचा तरुण जगात सहावा आला.

सहावा! पहिल्याच खेपेला, अनोळखी गादीवर. दुसरा कोणी असता तर घरी येऊन म्हणाला असता की आमच्याकडे गादी नव्हती, सवय नव्हती, नाहीतर दाखवलं असतं. आणि यात खोटं काय होतं? काहीच नाही. पण मला वाटतं, खोट्या सबबीपेक्षा खरी सबब अधिक घातक असते. खोटी सबब मनाला टोचत तरी राहते. खऱ्या सबबीच्या सावलीत माणूस आयुष्यभर निवांत बसू शकतो. खाशाबा बसले नाहीत. गादी हीच आपली उणीव आहे ना, मग गादीवरचीच कुस्ती शिकायची, असे त्यांनी ठरवले. पुढची चार वर्षे याच एका कामात गेली. वजनाचा गटही बदलला. लंडनला ते 52 किलोंच्या फ्लायवेट गटात लढले होते, हेलसिंकीला जायचे ते 57 किलोंच्या बँटमवेट गटात, म्हणजे अधिक ताकदीच्या गड्यांशी झुंजायला.

या चार वर्षांची छायाचित्रे आपण पाहत नाही. त्यात पाहण्यासारखं होतं तरी काय? पहाटेचे जोर, बैठका, तेच तेच डाव, तीच तीच पकड. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या मुलखात ज्याच्या कुस्त्यांना गर्दी लोटते, अशा पैलवानाने स्वतःला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवून घेणे हे सोपे काम नाही. मला येतं, हे ज्याला लोक रोज सांगतात, त्याने मला येत नाही असं स्वतःला सांगायचं! अंगातल्या रगेपेक्षा हा गुण दुर्मीळ आहे. आणि तो बाहेरून दिसत नाही. दंडाची बेटकुळी दिसते, हा दिसत नाही.

हेलसिंकीची वाट सरळ नव्हती. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला असे खाशाबांना वाटले. अशा वेळी आपल्याकडे दोन रीती आहेत. एक, रुसून घरी बसायचं. दुसरी, चावडीवर बसून निवड करणाऱ्यांना शिव्या द्यायच्या. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती झाली, ती त्यांनी जिंकली, आणि संघात जागा मिळवली. शांत डोक्याने अर्ज लिहिणे हाही खेळाडूचा एक डाव असतो, बरं का! तो कोणत्याही तालमीत शिकवत नाहीत, इतकंच.

जागा मिळाली, पण प्रवासाला पैसा कुठला? गावकऱ्यांनी वर्गणी केली, ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शिक्षक मंडळींनी हा आकडा 1952 सालच्या भावाने मनात धरावा. त्या सात हजारांच्या मागे 23 जुलै 1952 रोजी खाशाबांचे कांस्यपदक आले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बळावर मिळवलेले ते पहिले पदक होते. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दमछाक करणारी लांबलचक कुस्ती झाली, आणि ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाप्रमाणे अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागून घ्यायला आपल्या देशाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. इशीला सुवर्ण मिळाले. खाशाबा गावी परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळ्यांनी पाहिले. पुढचे मात्र फार थोड्यांनी पाहिले. कुस्त्यांमधून पैसा उभा करून त्यांनी प्राचार्यांचे कर्ज फेडायला दिला. पदक गळ्यात पडल्यावरही ज्याला देणे आठवते, त्याला पहाटे चारचे उठणे आठवेल, यात नवल कसले?

पुढे 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. 1984 साली रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. त्यांच्यानंतर ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक आणणारा दुसरा महाराष्ट्रीय खेळाडू यायला 72 वर्षे लागली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणारा, 2024 साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक घेऊन आला. तोही बरीच वर्षे कोणाच्या डोळ्यांत न भरता सराव करत राहिलेला गडी. पण त्याच्याविषयी स्वतंत्र भाषण व्हायला हवे.

आता आपल्या नागपुराकडे वळू.

5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये तिरंदाजीची जागतिक स्पर्धा चालली होती. कंपाउंड नावाचे धनुष्य असते, टोकांना चाके बसवलेले. अंतिम सामन्यात नागपूरचा ओजस देवतळे उभा होता, वय वर्षे एकवीस. लक्ष्य पन्नास मीटरवर. दहा गुणांचे जे पिवळे वर्तुळ असते, त्याचा व्यास आठ सेंटिमीटर. म्हणजे चहाच्या कपाचे तोंड समजा ना. आपल्या घराच्या ओट्यावर उभे राहून रस्त्यापलीकडच्या चौथ्या घराच्या ओट्यावरचा कप नेमका टिपायचा, आणि प्रत्येक बाणाला वीस सेकंद. असे पंधरा बाण. ओजसने पंधराच्या पंधरा बाण त्या वर्तुळात घातले. दीडशेपैकी दीडशे. पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याचे किती झाले म्हणता? एकशे एकोणपन्नास! म्हणजे ओजसचा एक बाण जरी केसभर सरकून नऊ गुणांच्या कड्यात गेला असता, तरी बरोबरी झाली असती.

असे पंधरा बाण कसे सुटतात? मी तिरंदाजीचा सराव पाहिला आहे, आणि प्रामाणिकपणे सांगतो, पाहणाऱ्याला त्याच्यासारखा कंटाळवाणा प्रकार नाही. पाय तसेच, खांदा तसाच, हनुवटीला हात टेकतो तीच जागा, श्वास सोडायची तीच वेळ. बाण सोडायचा, चालत जायचं, उपटून आणायचा, पुन्हा तेच. दिवसाला शेकडो वेळा. आपल्याला वाटते, जिंकणारा काहीतरी अचाट करत असेल. तो अचाट काहीच करत नाही. कंटाळ्याला न कंटाळणे ही त्याची करामत. शेतात निंदण करणाऱ्या बाया ओळीत बसतात आणि तण दिसो वा न दिसो, ओळ सोडत नाहीत, त्यांना हे मी समजावून सांगण्याची गरज नाही.

आणखी एक बारीक गोष्ट तिथे दिसते. बाण चुकला की नवखा मुलगा तोंड वाकडं करतो, मान हलवतो, धनुष्याकडे रागाने बघतो, आणि त्या रागातच पुढचा बाण सोडतो, तोही जातो. मुरलेला खेळाडू चुकलेल्या बाणाकडे वैद्याने रोग्याकडे पाहावे तसे पाहतो. वारा होता? हात सैल पडला? घाई झाली? एवढे विचारून तो बाण तिथेच सोडून देतो. हे मन उपजत मिळत नाही. ते रोज थोडे थोडे घडवावे लागते, आणि घडवताना शेजारी कोणी शांत माणूस लागतो.

ओजस साताऱ्याला प्रवीण सावंत यांच्याकडे शिकायला गेला होता. तिथले सरावाचे मैदान म्हणजे उसाच्या शेतातला मोकळा केलेला तुकडा. त्याच मैदानावर घडलेली अदिती स्वामी ही सतरा वर्षांची मुलगी त्याच दिवशी, त्याच बर्लिनमध्ये महिलांची जगज्जेती झाली. शिक्षक श्रोत्यांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की, अदितीचे वडील सरकारी शाळेत गणित शिकवतात. मुलीला मैदान मिळावे म्हणून ते कुटुंब खेड्यातून साताऱ्यात राहायला आले, आणि धनुष्यबाणासाठी त्यांनी कर्ज काढले. पुन्हा एकदा कर्ज! खर्डेकरांच्या गहाण घरापासून इथवर, पदकामागे कुठे ना कुठे कोणाची तरी सही केलेली कर्जाची कागदपत्रे असतात.

म्हणून एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. चारित्र्य, चिकाटी, सवयी यांविषयी बोलताना आपली जीभ फार सैल सुटते. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथला अविनाश साबळे लहानपणी पाच-सहा किलोमीटरवरच्या शाळेत कधी चालत, कधी धावत जायचा. पुढे तो तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत देशात पहिला झाला. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या मागे त्याचे सुवर्णपदक एका सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकले. आठ मिनिटे अकरा सेकंद धावायचे, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत निकाल! ही कथा सांगून झाली की सभेतला वक्ता हमखास म्हणतो, "पाहा, गरिबीनेच त्याला धावपटू केले." मला हे वाक्य आवडत नाही. शाळेला चालत जाणारी मुलं या महाराष्ट्रात लाखांनी होती आणि आहेत. त्यांतली पुष्कळशी पायांनी नव्हे, पोटाने थकून शाळा सोडतात. साबळे अठराव्या वर्षाच्या सुमारास सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. तिथे त्याला पोटभर जेवण, बूट, शिस्त आणि मार्गदर्शन मिळाले, आणि मग त्या लहानपणीच्या पावलांचे चीज झाले. खडतरपणातून माणूस घडतो हे खरे. पण खडतरपणा हा काही खुराक नव्हे. मुलाला चणे, दूध, केळी, जमलं तर अंडी मिळाली पाहिजेत, आणि झोप मिळाली पाहिजे. वाढत्या वयाच्या मुलाला आठ-नऊ तासांची झोप लागते. हल्ली ती मोबाइलच्या पडद्यात जाते. उशाशी मोबाइल घेऊन झोपणारा मुलगा सकाळी मैदानावर येतो तेव्हा त्याचे शरीर येते, तो स्वतः नवाच्या पुढे केव्हातरी येतो.

बसून खेळायच्या खेळालाही हे लागू आहे. नागपूरची दिव्या देशमुख 2025 च्या जुलैत जॉर्जिया देशातल्या बाटुमी शहरी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. अंतिम सामन्यात समोर कोनेरू हंपीसारखी अनुभवी खेळाडू. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो उपांत्य फेरीतला डाव, चीनच्या माजी जगज्जेत्या तान झोंगयीविरुद्धचा. तो एकशे एक चालींपर्यंत चालला. एकशे एक! पाहणाऱ्यांपैकी निम्मे उठून चहाला गेले असतील. इतका वेळ खुर्ची न सोडणे, आपले फावले तरी न हुरळणे, आपण चुकलो तरी न कोसळणे, हे त्या दिवशी कोठून आले? ते पाचव्या-सहाव्या वर्षापासून हरलेले डाव पुन्हा मांडून पाहण्यातून येते. जिंकलेला डाव सगळेच पुन्हा मांडतात.

मला आता माझ्या चुकीकडे यायला हवे. काही वर्षांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्री शर्यतीसाठी आम्ही संघ निवडत होतो. दोन महिने पहाटे रविनगरच्या विद्यापीठाच्या मैदानावर सराव चालला होता. काटोलकडच्या एका खेड्यातला मुलगा रोज पहिल्या एसटीने यायचा. अंगाने काटकुळा, बोलायचा कमी. धावण्यात डौल असा काही नव्हता, पण एक दिवस चुकला नाही. सराव संपल्यावर बाकीचे चहाच्या टपरीवर जात, तेव्हा हा मार्गाच्या खुणेसाठी रोवलेल्या काठ्या गोळा करून ठेवायचा. त्याला कोणी सांगितलेले नव्हते. मी हे पाहत होतो. पाहिलेले मनात नोंदवत मात्र नव्हतो.

निवडीच्या दिवशी सहा जागा होत्या. तो मुलगा नववा आला. मी कागदावर पहिली सहा नावे लिहिली, सही केली आणि तासाला निघून गेलो. न्याय झाला, असे मला वाटले. आकड्यापुढे कोणाचे चालते?

त्या सहांपैकी एक प्रमाणपत्राच्या आशेने आलेला होता. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण असतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असते. या सोयी चांगल्याच आहेत. पण त्यांच्यामुळे मैदानावर एक असा वर्गही येतो, ज्याला धावायचे नसते, धावल्याचा कागद हवा असतो. निवड झाल्यावर त्याने सरावाला येणे बंद केले. दुसरा स्पर्धेच्या आदल्या रात्री मित्राच्या लग्नात जागून आला. आमचा संघ कुठे गेला ते सांगण्यात अर्थ नाही.

काटोलकडचा मुलगा निवडीनंतर मैदानावर आलाच नाही. मी मनात म्हटलं, पाहा, एका अपयशाने खचला, चिकाटी नव्हती. माणसाचं मन किती चपळ असतं पाहा, माझा निर्णय बरोबर ठरवायला त्याला क्षणही लागला नाही.

तीन-चार वर्षांनी एका लग्नाहून परतताना काटोलच्या बसस्थानकावर तो भेटला. वडिलांबरोबर संत्र्याची बाग पाहत होता. नमस्कार केला, चहा पाजला, पैसे मला देऊ दिले नाहीत. बोलता बोलता मीच जुना विषय काढला. तो हसला. म्हणाला, "सर, त्या हप्त्यात आमच्याकडे लाइन रातची होती. बगीच्याचं ओलित होतं. बाबांच्या पायाला लागलं होतं, म्हणून दांडावर मीच होतो. पहाटे मोटार बंद केली अन् तसाच गाडीत बसून आलो." रात्रभर बागेला पाणी देऊन, उपाशी, न झोपता, साठेक किलोमीटर बसने येऊन हा मुलगा धावला होता आणि नववा आला होता!

मी म्हटलं, "अरे, मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, सर. अन् बाकीच्यांसमोर कसं सांगू? सबब सांगतो असं वाटलं असतं."

खऱ्या सबबीविषयी मघाशी मी जे बोललो, ते मी या मुलाकडून शिकलो, हे आता कबूल करतो. त्याने खरी सबबसुद्धा पुढे केली नाही. आणि मी मात्र त्याचा नववा क्रमांक हेच त्याचे संपूर्ण वर्णन समजलो. त्याला संघात घेतले असते तर तो मोठा धावपटू झालाच असता, असा माझा दावा नाही. झाला असता किंवा नसताही. परंतु ते पाहण्याची संधी त्याला आणि मला, दोघांनाही मिळाली नाही, ती माझ्या सहीमुळे.

शाळांतून शिकवणाऱ्या माझ्या मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की, शर्यतीच्या दिवशीच्या घड्याळाबरोबर एक साधी वहीही ठेवावी. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी कोण आला, हे तिच्यात लिहावे. कोणी न सांगता चुन्याचे घमेले, काठ्या, दोर जागेवर कोणी ठेवले, ते लिहावे. मुलाला "काल काय चुकलं?" असे विचारून पाहावे. कोणी म्हणेल, "ट्रॅक खराब होता," कोणी म्हणेल, "माहीत नाही," आणि एखादा सांगेल, "सर, वळणावर मी बाहेरून गेलो." हा तिसरा मुलगा चौथा आला असला, तरी त्याच्या नावापुढे खूण करावी. त्याला स्वतःचा खेळ दिसतो आहे. आणि कोणी मागे पडलाच, तर काल घरी काय काम होते, हे एकट्याला बाजूला घेऊन विचारावे, चारचौघांत नव्हे. पालकांनाही सांगणे आहे. मूल खेळते म्हणून त्याला कामच सांगू नका, असे मी म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या घरी ते चालणार नाही. पण निवडीच्या आदल्या रात्रीचे ओलित शेजाऱ्याला सांगता आले, तर जरूर सांगावे. सात हजार रुपये सर्वांना उभे करता येत नाहीत; एका रात्रीची झोप देता येते.

आमच्या महाविद्यालयात आता निवड चाचणीच्या कागदावर आम्ही एक नवा रकाना आखला आहे. नाव, वर्ग, वेळ, क्रमांक, आणि त्याच्यापुढे: काल रात्री झोप झाली का? पहिल्या वर्षी हा रकाना पाहून आमचे सहकारी प्राध्यापक हसले होते. त्या दिवशी आलेल्या चौदा मुलांपैकी चौघांनी त्यात 'नाही' लिहिले. एकाची हॉटेलात रात्रपाळी होती, एकाची आई दवाखान्यात होती, आणि दोघांच्या गावी लाइन रात्रीची होती. त्या चौघांची चाचणी आम्ही आठ दिवसांनी पुन्हा घेतली.